जुन्या बियांची परीक्षा

घरचें बीं म्हणजे खात्रीचें बीं, असा आपणां शेतकऱ्यांचा समज आहे. तो जातीपुरता खरा, वयापुरता नाहीं. आम्हीं महसुली दप्तरांत कारकुनी केली, तेथें तारखेवांचून एकही कागद पुढें सरकूं दिला नाहीं. परंतु केज येथील आमच्या घरीं कांद्याच्या बियांच्या डब्यावर तारीख घालण्याचें कधीं सुचलें नाहीं. त्या बियांनीं दोन पावसाळे पाहिले होते. कार्तिकांत तें गादीवाफ्यावर टाकलें, तों वाफा जागोजाग उघडा राहिला. दुसरें बीं आणून रोप होईतों लागणीचा हंगाम सरला.

बीं निजलेलें दिसलें तरी जिवंत असतें. ऊब व ओल यांनीं त्याचा सांठा झिजतो व आंतील नाजूक पडदे विरतात. मग पाणी लागतांच आंतली साखर बाहेर झिरपते, तिजवर बुरशी पोसते आणि बीं कुजतें. उगवण थांबण्यापूर्वी जोम जातो, हें विशेष ध्यानांत ठेवावें. असें बीं ओल्या फडक्यांत मोड दाखवील. पण काळ्या रानाची पापडी फोडून वर येणार नाहीं. म्हणून “जुनें आहे, दुप्पट टाकूं” हा हिशेब आम्हांस पटत नाहीं.

सर्व भाज्यांचें आयुष्य सारखें नसतें. कांद्याचें बीं सर्वांत अल्पायुषी. साध्या सांठवणींत वर्षानंतर त्याचा भरंवसा धरूं नये. वांगीं, टोमॅटो, काकडी, भोपळा हीं त्याहून पुष्कळ टिकतात.

पेरणीच्या पंधरा दिवस आधीं न निवडतां शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, सावलींत ठेवावे व ओल राखावी. कांद्याचे मोड सहाव्या व बाराव्या दिवशीं मोजावे. सरकारी प्रमाणाप्रमाणें कांद्याची उगवण शेंकडा निदान 70, भेंडीची 65 व मिरचीची 60 पाहिजे. सहाव्या दिवशीं थोडे आणि बाराव्या दिवशीं पुष्कळ, असें झाल्यास जोम उतरला असें समजावें.

सांठवणीचा ठोकताळा असा कीं, बियांतील ओल शेंकडा 1 नें उतरली कीं आयुष्य सुमारें दुप्पट होतें. उष्णता 5 अंश सेंटिग्रेडनें उतरली तरी तसेंच. हवाबंद डब्यांत कांद्याच्या बियांची ओल शेंकडा 6 हून अधिक नसावी. अर्धवट वाळलेलें बीं डब्यांत कोंडण्यापेक्षां कापडी पिशवींत बरें. पत्र्याखालच्या माळ्यावर तर तें ठेवूंच नये. आमचा डबा तेथेंच होता. आतां तो खालीं, भिंतीच्या गार कोनाड्यांत आहे, आणि त्यावर काढणीचा महिना व साल लिहिलेलें आहे.