स्वेटरचा गळा

विणणाऱ्याचे कसब कोठे पारखावे, असे कोणी विचारले, तर जाणकार स्वेटरच्या गळ्याकडे बोट दाखवतात. पाठ आणि पोट हे भाग बहुतांशी सरळ विणत जावयाचे असतात. गळ्यापाशी मात्र हात थांबवून विचार करावा लागतो. गळा अरुंद झाला, तर डोके आत जात नाही. तो सैल झाला, तर थंडी तेथूनच आत शिरते. कित्येक दिवस खपून विणलेला स्वेटर केवळ चार बोटांच्या जागेपायी पेटीत पडून राहतो.

मुलांनो, येथे एक कोडे आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या मानेचा घेर सुमारे ३० सेंटिमीटर असतो आणि डोक्याचा सुमारे ५३ सेंटिमीटर. गळा मानेला बिलगला पाहिजे, आणि त्यातून डोकेही गेले पाहिजे! लाकडाच्या कड्याकडून हे कधीच होणार नाही. विणलेल्या लोकरीकडून ते होते. कारण तिचा प्रत्येक टाका म्हणजे धाग्याचा एक वळसा असतो. ओढले की वळसा रुंदावतो आणि सोडले की पूर्ववत होतो. गळा विणणे म्हणजे या गुणाचा हिशेबाने उपयोग करणे होय.

आता आकाराचा विचार करू. आपली मान खांद्यांवर खांबासारखी ताठ उभी नसते. ती किंचित पुढे झुकलेली असते. म्हणून गळा पुढे खोल व मागे उथळ असावा लागतो. इंग्लिश खाडीतील गर्न्सी बेटाच्या नावाने ओळखले जाणारे कोळ्यांचे जुने स्वेटर पुढून व मागून सारखेच विणलेले असत. त्यामुळे ते कोणत्याही बाजूने अंगात घालता येत, आणि एकाच बाजूचे कोपर झिजत नसे. परंतु असा गळा पुढून हनुवटीखाली दाटतो. आपल्याला तो गोल करावयाचा आहे.

विणण्यापूर्वी त्याच लोकरीचा लहानसा तुकडा विणून मोजावा. समजा, ८ क्रमांकाच्या सुयांवर १० सेंटिमीटर रुंदीत २२ टाके आणि १० सेंटिमीटर उंचीत ३० ओळी बसल्या. मुंढ्यांची घट संपल्यावर पुढच्या भागाचे ७२ टाके सुईवर उरले आहेत. त्यांतील २० टाके एका खांद्याचे, २० दुसऱ्या खांद्याचे आणि मधले ३२ टाके गळ्याचे. गळ्याची रुंदी त्यामुळे सुमारे साडेचौदा सेंटिमीटर होईल.

हे ३२ टाके एकदम बंद केले, तर गळा चौकोनी होईल. म्हणून प्रथम २९ टाके विणावे, मधले १४ टाके एका जाड दोऱ्यावर ओवून ठेवावे आणि उरलेले २९ टाके दुसऱ्या सुईवर थांबवावे. आता विणलेल्या २९ टाक्यांचाच भाग पुढे न्यावा. काम उलटवून गळ्याच्या कडेला ३ टाके बंद करावे. मधली एक ओळ साधी विणून पुढच्या खेपेस २ टाके बंद करावे. त्यानंतर एक ओळ सोडून एक, अशा चार ओळींत एकेक टाका कमी करावा. तीन, दोन आणि चार मिळून ९ टाके गेले. खांद्याचे २० उरले. मग आठ ओळी सरळ विणून खांदा बंद करावा. गळ्याची खोली सुमारे ७ सेंटिमीटर भरेल.

आधी तीन, मग दोन, मग एक, असा क्रम का? वाटीचा आकार आठवा. तिचा तळ जवळजवळ सपाट असतो, आणि वर जावे तसा काठ उभा होत जातो. टाक्यांची घटही तशीच उतरती ठेवली की पायऱ्यांची गोलाई होते.

दुसरा अर्धा भाग पहिल्याचे आरशातील प्रतिबिंब समजावे. टाके ओळीच्या आरंभीच बंद करता येतात, म्हणून पहिल्या भागात उलट बाजूस केलेले काम येथे सुलट बाजूस येते. एकेक टाका कमी करतानाही भेद आहे. पहिल्या भागात दोन टाके एकत्र सुलट विणावे; तो टाका उजवीकडे झुकतो. दुसऱ्या भागात एक टाका न विणता घ्यावा, पुढचा सुलट विणावा आणि न विणलेला त्याच्यावरून ओलांडून टाकावा; तो डावीकडे झुकतो. दोन्ही कडा मग सारख्या दिसतात.

शेवटी गळपट्टी. प्रथम एकच खांदा जोडावा. १० क्रमांकाच्या, म्हणजे अधिक बारीक सुयांवर पुढचे १४, दोन्ही कडांवरून उचललेले १९ व १९ आणि पाठीचे राखून ठेवलेले ३२, असे ८४ टाके घ्यावे. एक सुलट, एक उलट अशी सुमारे अडीच सेंटिमीटर पट्टी विणावी. ही वीण चांगली ताणली जाते. टाके बंद करताना हात सैल ठेवावा. येथे धागा आवळला, तर वरचा सारा हिशेब फुकट जातो. नंतर दुसरा खांदा व पट्टीची टोके शिवावी.

१९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा देशातील अनेक स्त्रियांनी सीमेवरील जवानांसाठी लोकरीचे कपडे विणले. ते कपडे कोणाच्या अंगावर जाणार, हे विणणारीस ठाऊक नव्हते. तेथे गळा एकदा घालून पाहून सुधारण्याची सोय नसते. मोजलेले टाके आणि सैल ठेवलेला हात, एवढ्याच भरवशावर तो स्वेटर दूर पाठवावा लागतो.

स्वाध्याय
१. गळा पुढे खोल का ठेवतात?
२. टाक्यांची घट उतरत्या क्रमाने का करावी?
३. १० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील, तर ३२ टाक्यांचा गळा किती रुंद होईल?
४. चौकटींच्या कागदावर गळ्याचा एक अर्धा भाग काढा व दुसरा त्याच्या प्रतिबिंबाप्रमाणे पुरा करा.