पोटात लस, छातीला कवच

ताप, खोकला आणि न्यूमोनिया हे श्वसनमार्गाचे विकार होत. मग त्यांवरील लस पोटात घेऊन काय उपयोग, असा प्रश्न आपल्याला सहज पडेल. याचे उत्तर अमेरिकेतील सैनिकी छावण्यांच्या इतिहासात सापडते.

छावणीत शेकडो नवे जवान एकत्र राहतात. अशा दाटीत ॲडेनोव्हायरस नावाचा विषाणू झपाट्याने पसरतो. १९५३-५४ साली शास्त्रज्ञांनी त्याला ओळखले. त्याचे चौथा व सातवा हे दोन प्रकार जवानांना विशेष छळीत.

शास्त्रज्ञांनी एक मार्मिक गोष्ट हेरली. जो विषाणू घशात शिरला की रोग उत्पन्न करतो, तोच थेट आतड्यात पोहोचला तर तेथे वाढतो खरा, पण न्यूमोनिया होऊ देत नाही. उलट त्याची ओळख पटून शरीर प्रतिपिंडे निर्माण करते, व ती रक्तातून सर्वत्र पहारा देतात. काट्याने काटा काढावा, तसाच हा प्रकार!

आपल्या परिचयाच्या पोलिओच्या थेंबांतील विषाणू दुर्बल केलेले असतात. या गोळ्यांतील विषाणू मात्र तसे केलेले नसतात. म्हणून गोळीवर जठरातील आम्लात न विरघळणारा लेप असतो. गोळी चावायची नाही, अखंडच गिळायची. चावली तर विषाणू घशातच मोकळा होईल! लस घेतल्यावर काही आठवडे विषाणू शौचावाटे बाहेर पडतो. म्हणून हात स्वच्छ धुणे अगत्याचे असते.

१९७१ पासून या गोळ्या सर्रास दिल्या जाऊ लागल्या आणि रोग हटला. परंतु १९९६ साली त्यांचे उत्पादन थांबले व १९९९ पर्यंत साठा संपला. रोग परतला. २००० साली इलिनॉय राज्यात दोन धडधाकट तरुण जवान त्याला बळी पडले. अखेर २०११ साली नव्याने तयार केलेल्या लशीला मान्यता मिळाली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि रुग्णसंख्या एकदम घसरली. ही लस आजही तेथील सैन्यापुरतीच, १७ ते ५० वर्षे वयाच्या व्यक्तींसाठी आहे.

रोग दिसेनासा झाला म्हणजे तो संपला, असे आपण समजतो. वास्तविक तो पहाऱ्यामुळे दूर राहिलेला असतो. चोर आला नाही म्हणून पहारेकऱ्याला रजा देणे शहाणपणाचे नव्हे, हाच धडा आपण यातून घ्यावयाचा.