रात्री उरतं त्याचं काय करतेस?

गोंदिया

चि. छकुलीस,


रात्री रेस्टॉरंट बंद करताना जी रबडी उरते तिचं तू काय करतेस, एवढं मला आधी कळव. बाकीची खुशाली मागाहून.

परवा इथे एक साक्षगंध होतं. पंगतीत माझ्या शेजारी मलाजखंडच्या कॉलनीतल्या एक बाई बसल्या होत्या. मी तुझी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुझ्या रेस्टॉरंटचा विषय निघाला. जेवण चांगलं असतं म्हणाल्या, पण नातवाला तिथली रसमलाई आंबूस लागली, आणि कालची रबडी आज फालुद्यात जाते अशी बोलवा आहे. माझा घास हातातच राहिला. घरी येऊन तुझ्या बाबांना फोन केला, तर ते कौतुकाने सांगायला लागले की तू आता चौदा गोड पदार्थांचं नवं मेनूकार्ड छापतेस, काचेचं शोकेस आणि मोठा डीप फ्रीझर हप्त्यावर घेतलास.

त्या बाईंवर माझा विश्वास नाही. आजीच्या हाताखाली वाढलेली पोर शिळी रबडी कुणाच्या पुढ्यात ठेवणार नाही. पण चौदा पदार्थ ठेवणाऱ्याच्या घरी रोज काही ना काही उरणारच, आणि उरलेलं टाकायला जीव होत नाही. महिन्याचा हप्ता डोळ्यांपुढे असला की आणखीच होत नाही. म्हणून विचारते. आपल्या घरातल्या त्या श्रीखंडाचं काय झालं होतं ते तुला सांगायला नको. ते खाऊन धाकटा काका सलाईनवर होता तेव्हा आजी दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, आणि पुढे कितीतरी वर्षं तिने घरात चक्का बांधू दिला नाही.

तू म्हणशील, आत्या, उकळून घेतो ना पुन्हा. तीच तर मेख आहे. उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. खिरीतल्या शिजलेल्या भाताचं हेच, रबडीचंही हेच. पदार्थ एक तर साठ अंशांच्या वर गरम हवा, नाही तर पाच अंशांच्या खाली थंड. मधल्या उबेत जंतू वाढतात, आणि मे महिन्यात तुझं स्वयंपाकघर दिवसभर त्या मधल्या उबेतच असतं. त्यात लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखे चालतील, डीप फ्रीझर नाही. आइस्क्रीम एकदा वितळून पुन्हा गोठलं की त्यात बर्फाचे खडे होतात, ते तरी जिभेला कळतं. रबडीचं जिभेला कळेलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी ती तारीख लावायचा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केला. कलाकंद त्याच दिवशी, रसमलाई आणि रबडी दोन दिवसांत संपवावी असं त्यांनीच सांगितलंय. ते दोन दिवससुद्धा नीट थंड ठेवलेल्या मिठाईचे. तुझ्या ट्रेवर तारीख असते का? शोकेसवर तारीख दिसली असती तर त्या बाईंना पंगतीत तसं बोलायला जागाच उरली नसती.

आता तुझ्या चौदाच्या यादीकडे येते. ब्राउनी, चीजकेक, तिरामिसू, मूस, रसगुल्ला, रसमलाई, शाही टुकडा, घेवर, फालुदा... बाबांनी फोनवर वाचून दाखवली. बेटा, ही यादी कुणासाठी आहे? मलाजखंडला खातं कोण? खाणीतून शिफ्ट सुटल्यावर येणारी माणसं. त्याच कंपनीच्या दुसऱ्या खाणींवरून, राजस्थानातल्या खेत्रीहून नाहीतर झारखंडातल्या घाटशिलाहून बदली होऊन आलेली घरं. आणि कान्हाच्या मुक्की गेटकडे जाणारे पर्यटक. घाटशिला बंगालला लागून. तिथून आलेल्या माणसापुढे फ्रीझरमधला रसगुल्ला ठेवशील तर एका घासात तो तुला ओळखेल. खेत्री-झुंझुनूकडच्या माणसाला तुझा घेवर नको, त्याला तो घरी गेल्यावर मिळतो. आणि मुंबई-पुण्याहून वाघ बघायला आलेल्याला चीजकेक त्याच्या गल्लीत मिळतो. त्याला इथलं काही दे.

आपल्याकडे इथलं काय कमी आहे? बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं. शिजताना घरभर वास सुटतो तोच तो. त्याची खीर ठेव. तांदूळ भिजवून कणी मोडायची, मंद आचेवर दुधात शिजवायची, साखर अगदी शेवटी. आधी घातली तर दाणा टणक राहतो, हे आजीने तुला शंभरदा सांगितलंय आणि तू शंभरदा विसरतेस. दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. पातेलं छोटं घे. नऊ वाजता खीर संपली तर खुशाल संपली म्हण. संपलेल्या खिरीसाठी गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी लवकर येतं.

दुसरं, तिखुराची वडी. हळदीच्या जातीचा तो जंगली कंद गोंड-बैगा बायका खणून, ठेचून, पाण्यात धुवून त्याचा सत्त्वांश काढतात. रात्री भिजत घालायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, साखर घालून काचेसारखं होईपर्यंत घोटायचं, ताटात ओतलं की आपसूक थिजतं. पाण्यात केलं तर दुधाची भानगड नाही. उपासालाही चालते. वर चारोळी टाक, पण चारोळी थोडीथोडीच आण. तिच्यात तेल असतं, लवकर खवट होते. आणि तिखूर आणणाऱ्या बायकांशी भावाची घासाघीस करू नकोस. उन्हातान्हात वाकून काढतात त्या.

तिसरे, अनारसे. तुझ्या प्रश्नाचं, म्हणजे माझ्या प्रश्नाचं, खरं उत्तर अनारशातच आहे. तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, ओलसर असतानाच कुटून गूळ मिसळला की गोळा डब्यात कितीतरी दिवस टिकतो. ऑर्डर आली की दोन थापायचे, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचे. रात्री उरतो तो फक्त पिठाचा गोळा, आणि तो उद्या आजच्यापेक्षा चांगला जमतो. एवढा सोयीचा पदार्थ तुझ्या यादीत नाही आणि तिरामिसू आहे!

चौथं, कॉलनीतल्या मुलांसाठी गरम गुलाबजामासोबत आइस्क्रीम असू दे, त्यांना ते हवंच असतं. पण आइस्क्रीमच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाच. वनस्पती तेलाचं असतं त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असतं, ते तू आइस्क्रीम म्हणून विकू नयेस. गुलाबजामासाठी खवा स्वस्तात घेऊ नकोस. म्हशीचं पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा होतो, मग त्या दुधाच्या किमतीहून कमी भावात देणारा काय मिसळत असेल? थोडा खवा पाण्यात उकळून, थंड करून आयोडीनचा थेंब टाक. निळा झाला तर पिठूळ आहे. परत कर. पाचवे, मोहाचे लाडू, पण ते ऑक्टोबर ते जूनच. पावसाळ्यात कान्हा बंद असतं, पर्यटक नसतात, आणि दमट हवेत मोहफुलं टिकत नाहीत. झाले पाच. शोकेस परत करता आलं तर कर.

आणि तरीही रात्री उरलं तर ते दुसऱ्या दिवशी ताटात जाता कामा नये. मुलांना वाटायचं तर बंद करायच्या आधी, ताजं असताना वाट.

मी एवढी का चिडते ते तुला बाबांनी कधी सांगितलं नसेल. १९८२ साली मलाजखंडचा खाणप्रकल्प सुरू झाला, तेव्हा तुझे बाबा नवेच लागले होते आणि मी त्यांचं घर लावून द्यायला आले होते. मुलखाच्या बाहेरून आलेली कितीतरी पोरं एकेकट्या खोल्यांत राहायची. एक जण आपल्याकडे जेवला, मग दुसरा, मग सहा-सात. रविवारी मी पुरण घालायची. त्यांनी पैसे एकत्र करून मला विचारलं, ताई, तुम्ही मेसच का नाही काढत? मी रात्रभर जागून हिशेब मांडला होता. तांदूळ किती, लाकूड किती, गोडाचा वार कोणता. घरून आजोबांचं पत्र आलं, आपल्या मुली खानावळ चालवत नाहीत. मी तो हिशेबाचा कागद चुलीत टाकला आणि त्यावर कुणाशी एक शब्द बोलले नाही. माझं लग्न झालं, संसार चांगला झाला, तक्रार काही नाही. पण तू रेस्टॉरंट काढतेस हे कळलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली ती दोघींसाठी ठेवली.

म्हणून त्या बाईंचं बोलणं मला इतकं लागलं. तुझ्या नावाला कुणी बोट लावलेलं मला सहन होत नाही, ग.

फार बोलले का? पहाटे पाचला उठतेस, रात्री बारापर्यंत उभी असतेस, बाबा सांगत होते पाय सुजतात. चौदा पदार्थ लिहिलेस तेही भीतीपोटीच लिहिले असशील, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून. मला कळतं ते. तू चांगलं चालवतेस. त्या बाईसुद्धा जेवणाची तारीफच करत होत्या, ते मी वर धड लिहिलंच नाही. डाळ-तडका आणि भरल्या वांग्याचं नाव त्यांनी दोनदा काढलं.

माझ्या पोस्टाच्या खात्यात थोडे पैसे पडून आहेत. फ्रीझरच्या हप्त्याला लागले तर मला सांग, बाबांना सांगायची गरज नाही. अनारशाचं पीठ मुरतंय. मंगळवारच्या गाडीने बालाघाटला येते, पुढे बैहरची बस धरते. पीठ मी हातात घेऊनच बसेन. आल्यावर दोन रात्री गल्ल्यावर मी बसते, तू जेवून लवकर झोप. पहिला घाणा तुझा, जाड खसखशीचा, तुला आवडतो तसा. गिऱ्हाइकांचं नंतर बघू.

तुझी,
आत्या