नवा खुबा आणि गुळगुळीत फरशी

लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर अशा जातींमध्ये खुब्याचा सांधा वाढत्या वयात सैल राहण्याचा, म्हणजे हिप डिस्प्लेझियाचा, त्रास बराच दिसतो. औषधं आणि वजन उतरवणं एवढ्यानं भागेना, की खुबाच बदलण्याचा पर्याय पुढे येतो. मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवतात आणि त्याला सामावणारी नवी वाटी. कुत्रा घरी आला, की मालक आधी विचारतात, ‘टाके कधी काढायचे?’ मी म्हणतो, टाक्यांचं आम्ही बघू, तुम्ही घरातल्या फरशीचं बघा.

मूळ सांध्यात गोळ्याला वाटीशी धरून ठेवणारा अस्थिबंध असतो, तो शस्त्रक्रियेत जातो. सांध्याभोवतीचं आवरणही कापून परत शिवलेलं असतं. त्या जागी नवं चिवट आवरण तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर नवा सांधा टिकतो तो मुख्यतः स्नायूंच्या ताकदीवर आणि वाटी किती अचूक कोनात बसली आहे त्यावर. म्हणून खुबा निखळण्याचा धोका पहिल्या सहा-आठ आठवड्यांत सर्वांत जास्त. कोन हे सर्जनचं काम, त्यामुळे निखळलं म्हणजे मालकाचीच चूक असं मुळीच नाही. पण घरातली घसरण तुमच्या हातात असते.

आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय दोन्हीकडे फाकतात. नेमकं तेच होऊ द्यायचं नाही. त्याच्या पिंजऱ्यापासून दारापर्यंत खालून रबर असलेल्या मॅट सलग अंथरा. नुसती सतरंजी नको, ती कुत्र्यासकट घसरते. लादी पुसणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा बाहेर येणार नाही. नखं कापलेली हवीत. तळव्याच्या गाद्यांमधले केस वाढले, की पकड जाते, तेही छाटून घ्या.

शू-शीला नेताना आखूड पट्टा आणि पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढे, आंघोळीच्या टॉवेलची झोळी. झोळीवर वजन उचलायचं नाही, पाय सटकला तर सावरायचं. नर असेल तर टॉवेल लघवीच्या जागेवर येत नाही ना, बघा. वळवताना जागच्या जागी गर्रकन नको, मोठा वळसा घ्या. जिना, सोफा, गाडीत उडी, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती, सगळं बंद.

खरी कसोटी दुखणं थांबल्यावर लागते. वर्षानुवर्षं लंगडणारं जनावर एकदम खुशीत येतं, बेल वाजली की दाराकडे झेपावतं. मग आजी म्हणतात, ‘किती दिवस कोंडून ठेवणार बिचाऱ्याला?’ आजींचा मान राखून सांगतो, कोंडूनच ठेवा. पिंजरा उभं राहता, वळता, आडवं होता येईल एवढा असला की पुरे. फारच धुमाकूळ घालत असेल तर शांत ठेवणारं औषध डॉक्टरांकडून घ्या. घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीच देऊ नका, कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकते.

चालता-चालता अचानक पाय उचलून धरला, टेकवेना, आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला, किंकाळी फोडली, तर उद्यावर ढकलू नका. खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. पाय ओढून बसवायचा प्रयत्न घरी नको, हाडवैद्याकडेही नको. लवकर आणलंत तर कधी कधी टाके न उघडता, भूल देऊन सांधा जागेवर बसवता येतो. उशीर झाला, की स्नायू आखडतात आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, काही वेळा वाटीची जागाही बदलावी लागते.

सहा-आठ आठवड्यांनी एक्स-रे निघेल. तो बघून सर्जन सांगतील तेवढंच चालणं वाढवा, तेही पट्ट्यावर. मैदानात मोकळं सोडायचं ते त्यांनी स्पष्ट ‘हो’ म्हटल्यावरच.