सिद्धार्थाने घर का सोडले?



आमच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, पुस्तकात आहे की सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला म्हणून घर सोडले. विहारात सांगतात, रोहिणीच्या पाण्यावरून सोडले. परीक्षेत काय लिहू?" हा प्रश्न आपल्या पुष्कळ घरांत निघतो आणि आईबाप गप्प बसतात. म्हणून थोडे खोलात जाऊ.

भगवंतांनी स्वतः काही लिहिले नाही. भिक्खूंनी त्यांची वचने शेकडो वर्षे मुखोद्गत ठेवली. ती ग्रंथरूपाने लिहिली गेली सिंहलद्वीपात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात भगवंत आपल्या गृहत्यागाविषयी स्वतः बोलतात. आईवडील रडत असताना आपण काषायवस्त्र घेतले, एवढेच तेथे आहे. मध्यरात्री गुपचूप निघणे नाही, चार दृश्येही नाहीत. ती दृश्ये दीघनिकायात सापडतात, पण विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी! पुढे अट्ठकथाकारांनी व कवींनी ती गौतमांच्या चरित्रात रंगवली.

बाबासाहेबांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात साधी शंका काढली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता काय? त्यांनी शाक्य व कोलीय यांचा पाण्याचा तंटा पुढे आणला. संघाने युद्ध ठरविले, सिद्धार्थाने विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली.

हा तंटा त्यांनी मनाने रचलेला नाही, तो जातकाच्या अट्ठकथेत आहे. मात्र मुलांना खरे सांगावे : तेथे तो संबोधीनंतर घडतो व भगवंत तो मिटवितात. बाबासाहेबांनी तो आधी घेतला. त्याला आधार नाही असेही नाही. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात भगवंतांचे मन हलते ते म्हातारपण पाहून नव्हे. आटत्या डोहातल्या माशांप्रमाणे तडफडणारी, एकमेकांशी वैर धरणारी माणसे पाहून हलते.

बाबासाहेबांनी कथा बदलली, असे काहीजण म्हणतात. अट्ठकथाकारांनी बदलली तेव्हा कोणी विचारले होते? राजवाड्याचे वैभव वर्णिणाऱ्या कवीला विलासाचा वीट दिसला. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्याला पाण्याचे भांडण दिसले. माझी आजी विहिरीपाशी घागर घेऊन, कोणी वरून पाणी ओतील म्हणून तासन् तास बसे. तिला कोणती कथा चटकन समजली असती, हे मला ठाऊक आहे.

मुलीला सांगितले, दोन्ही लिही, कोणती कोठे आहे तेही लिही.

"गुण कापले तर?"

"चाचणीचा पेपर मीच तपासतो," मी म्हणालो. "वार्षिकचे पुढे पाहू."