वीस बाजूंचा फासा : ‘बाल्डर्स गेट’ खरंच चीटिंग करतो का?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि त्या वर्षीचा ‘गेम ऑफ द इयर’ किताबही घेऊन गेला. तो संपवलेली मंडळी आता उलट्या दिशेने निघाली आहेत आणि पहिला भाग उघडत आहेत. कारण सोपं आहे. पहिला भाग १९९८ चा, त्याला ग्राफिक्स कार्डाचे लाड लागत नाहीत, प्रोजेक्टसाठी घेतलेल्या साध्या लॅपटॉपवरही धावतो. पण तास-दीड तास झाला की विंगमधून ठरलेलं वाक्य ऐकू येतं : “अरे, हा गेम चीटिंग करतो!”

हे मत आजचं नाही. गेम आल्यापासून खेळाडूंत दोन तट पडलेले आहेत. एक म्हणतो, सुरुवात अन्यायाची आहे, फासा मुद्दाम आपल्याविरुद्ध पडतो. दुसरा म्हणतो, तुम्हाला खेळता येत नाही. दोघांकडेही पुरावा म्हणून आठवणी असतात, आकडे नसतात. आपण एम-फोरमध्ये प्रोबॅबिलिटी शिकतो ती फक्त वीस मार्कांसाठी नव्हे, तेव्हा एकदा हिशेब करूनच बघू.

आधी थोडी ओळख. कॅनडातल्या एडमंटनमध्ये १९९५ साली बायोवेअर ही कंपनी काढणारे रे म्युझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप हे तिघेही एमबीबीएसवाल्यांसारखे शिकलेसवरलेले डॉक्टर होते. (इंजिनिअर नव्हते, याची नोंद घ्यावी!) त्यांचा ‘बाल्डर्स गेट’ डिसेंबर १९९८ मध्ये पाच सीड्यांवर आला. २०१२ मध्ये एडमंटनच्याच बीमडॉगने त्याची सुधारित आवृत्ती काढली आणि आज बहुतेक जण तीच खेळतात. गेमचे नियम मात्र संगणकाचे नाहीत. ते टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी तो खेळ १९७४ मध्ये बाजारात आणला. ‘बाल्डर्स गेट’मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आहेत.

गोष्ट अशी. कॅन्डलकीप नावाच्या, ग्रंथालय असलेल्या एका किल्ल्यात तुम्ही वाढलेले आहात. पहिल्याच रात्री तुमचा सांभाळ करणारा गोरायन मारला जातो आणि तुम्ही जंगलात एकटे पडता. बालमैत्रीण इमोएन येऊन मिळते. पुढे ‘फ्रेंडली आर्म इन’ या धर्मशाळावजा सराईत जायचं असतं, तिथे जाहेरा आणि खालिद हे जोडपं तुमची वाट बघत असतं. सराईच्या पायऱ्यांवर एक माणूस उभा असतो. तो तुमची चौकशी करतो, आणि तुम्ही कोण हे कळताच मंत्र म्हणायला लागतो. हा तार्नेश. ‘चीटिंग’ची जेवढी तक्रार मी ऐकली आहे त्यातली अर्धी याच पायऱ्यांवर जन्माला आलेली आहे.

थॅको म्हणजे काय

या गेममध्ये प्रत्येक वारामागे वीस बाजूंचा फासा पडतो. वार करणाऱ्याचा एक आकडा असतो, त्याला थॅको म्हणतात. ज्याच्यावर वार होतो त्याचा दुसरा आकडा, आर्मर क्लास म्हणजे एसी. (एसी लोकलशी संबंध नाही.) थॅकोमधून एसी वजा करा. फाशावर तेवढं किंवा त्याहून जास्त दान पडलं तर वार लागला. वीस पडलं तर कायम लागतो, एक पडलं तर कायम चुकतो. गोंधळ होतो तो यासाठी की इथे दोन्ही आकडे जितके कमी तितके चांगले. ही उलटी पद्धत इतकी डोक्याला ताप देणारी होती की २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ती काढूनच टाकली.

पहिल्या पातळीवर सगळ्यांचा थॅको २०. अंगावर चिलखत नसेल तर एसी १०. म्हणजे १० किंवा वर दान हवं, वीसपैकी अकरा बाजू, ५५ टक्के. नाणं उडवण्यापेक्षा जरासं बरं. आता तुमचा वार सलग पाच वेळा चुकण्याची शक्यता किती? ०.४५ चा पाचवा घात म्हणजे सुमारे १.८ टक्के, ५४ मध्ये एकदा. हा आकडा ऐकून कोणीही म्हणेल की असं माझ्या बाबतीत झालं म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. पण तुम्ही पाचच वार करून थांबत नाही ना! संध्याकाळभरात २०० वार सहज होतात. २०० वारांत पाच किंवा जास्त चुकांची मालिका सरासरी दोनदा यायला हवी, आणि एकदाही न येण्याची शक्यता सातात एकाच्या आसपास आहे. म्हणजे जो म्हणतो “सलग पाच वेळा चुकला, फासा खोटा आहे,” त्याला सांगावं लागेल की अशी मालिका कधीच आली नसती तर जास्त संशय यायला हवा होता.

ठाणे स्टेशनवर आपण स्लो पकडली की बाजूची फास्ट सुटते, असं सगळ्यांना वाटतं. जेव्हा फास्ट मागून येते आणि आपण पुढे निघून गेलेलो असतो ते कोणी घरी जाऊन सांगत नाही. फाशाचं तसंच आहे. आपल्याकडे फासा म्हटलं की शकुनी आठवतो, त्यामुळे आपण संशय घ्यायला जरा जास्तच तयार असतो.

‘बाल्डर्स गेट ३’ करणाऱ्या लॅरियन कंपनीने हे ओळखलं होतं. त्यांच्या गेममध्ये ‘कार्मिक डाइस’ नावाची सोय आहे आणि ती मुळात चालूच ठेवलेली असते. लांबलचक अपयशाच्या मालिका ती मोडते. म्हणजे खरी गंमत बघा : ज्या गेमचा फासा सरळ आहे त्याला खेळाडू लबाड म्हणतात, आणि ज्यात फासा मुद्दाम वळवलेला आहे तो त्यांना न्यायी वाटतो. तिसऱ्यावरून पहिल्याकडे आलेल्यांना धक्का बसतो त्याचं हे एक कारण नक्कीच आहे.

एका प्रश्नाचा व्हायवा

मग तक्रार करणारे सगळे वेडे का? नाही. इथेच दुसऱ्या तटाशी माझं भांडण आहे.

पहिल्या पातळीवरच्या मांत्रिकाकडे चार ते सहा हिट पॉइंट असतात. ‘मॅजिक मिसाइल’ हा मंत्र चुकत नाही. त्याचा एक बाण दोन ते पाच पॉइंट नेतो. चार पॉइंटवाला मांत्रिक एका बाणात मरण्याची शक्यता बरोबर ५० टक्के. त्यात तुम्ही मुख्य पात्र असाल तर गेमच संपला, कारण साथीदाराला देवळात पैसे देऊन जिवंत करता येतं, मुख्य पात्राला नाही. फासा इथे अगदी प्रामाणिक आहे. पण तो एकदाच पडतो, आणि सगळं त्याच्यावर ठरतं.

हे समजायला आपलं रोजचं उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याला ६० टक्के सिलॅबस येतो. व्हायवाला एक्स्टर्नल एकच प्रश्न विचारतात आणि त्यावरच पास-नापास ठरवतात. तो नापास होण्याची शक्यता ४० टक्के. आता त्याच विद्यार्थ्याला वीस वेगवेगळे प्रश्न विचारा आणि पास व्हायला आठ बरोबर लागतात असं ठेवा. नापास होण्याची शक्यता सुमारे २ टक्के उरते! अभ्यास तोच, डोकं तेच, परीक्षकही प्रामाणिकच. फक्त फासा किती वेळा टाकला एवढाच फरक. (स्टाफपैकी कोणी हे वाचत असतील तर सबमिशनच्या आठवड्यात कृपया आठवण ठेवावी.)

‘बाल्डर्स गेट’ची पहिली पातळी हा एका प्रश्नाचा व्हायवा आहे. मूळ गेममध्ये ८९,००० अनुभव-पॉइंटांवर मर्यादा आहे, तिथवर योद्धा सातव्या पातळीला पोचतो. तेव्हा त्याला पाडायला शत्रूला अनेक वार लागतात, म्हणजे फासा अनेकदा पडतो आणि निकाल सरासरीच्या जवळ जातो. म्हणून शेवटाकडे गेम ‘सोपा’ आणि ‘न्यायी’ वाटायला लागतो. नियम बदललेले नसतात, नमुना मोठा झालेला असतो. तेव्हा माझं मत विचाराल तर : फासा निर्दोष, पण ज्याने नवख्या खेळाडूला सहा पॉइंट देऊन तार्नेशसमोर उभं केलं तो डिझायनर कठोर. ‘खेळता येत नाही’ म्हणणारे जुने खेळाडू हे विसरतात की पायऱ्यांवर कोण उभा आहे हे त्यांना आधीच ठाऊक आहे.

मग करायचं काय

नमुना मोठा करायचा, किंवा शत्रूचं दान महाग करायचं. चपळता १८ असली तर एसी चारने सुधारतो. स्प्लिंट मेल चिलखताचा एसी ४. दोन्ही मिळून शून्य. आता थॅको २० वाल्या शत्रूला फक्त वीसच पडायला हवं, ५५ टक्क्यांचे ५ टक्के झाले. वर शिरस्त्राण घातलं तर वीसच्या दानाची दुप्पट इजाही टळते. एक गोष्ट लक्षात घ्या : एसीचा प्रत्येक पॉइंट ५ टक्क्यांचाच, पण त्याची किंमत वाढत जाते. ५५ वरून ५० वर आलात तर मार अकराव्या हिश्शाने कमी झाला. १० वरून ५ वर आलात तर निम्मा झाला. म्हणून चिलखत सहा जणांत वाटत बसू नका. एकाला पूर्ण मढवा, त्याला दारात उभं करा, बाकीच्यांच्या हाती धनुष्य द्या. दारात उभं राहून आत कोणाला शिरू न देणं ही विद्या कल्याण-डोंबिवलीकरांना वेगळी शिकवावी लागत नाही.

तार्नेशसाठी : मंत्र म्हणताना इजा झाली की मंत्र फुकट जातो. चार धनुर्धारी आणि प्रत्येकाची शक्यता ४५ टक्के धरली तरी निदान एक बाण लागण्याची शक्यता ९१ टक्के होते. मात्र त्याच्या आरशातल्या प्रतिमा उभ्या राहायच्या आत. स्पेसबार दाबला की वेळ थांबतो, तो दाबायची लाज बाळगू नये.

सेव्ह आणि रीलोड

खेळाडूंतला सगळ्यात कडवट वाद हा. मंत्राचा कागद वहीत उतरवताना ‘कोअर रूल्स’वर बुद्धी १८ असली तरी यशाची शक्यता ८५ टक्केच, चार कागदांतला एक तरी वाया जाण्याची शक्यता ४८ टक्के. वाया गेला की बरेच जण रीलोड करतात. १० टक्क्यांची गोष्टसुद्धा २२ वेळा रीलोड केली की ९० टक्के हाताशी येते. यात पाप काही नाही. २००० च्या दशकात मुंबईत दिवे असायचे आणि ठाण्यापुढे भारनियमन, त्यामुळे आपल्या पट्ट्यातल्या खेळाडूला दर पाच मिनिटांनी क्यू दाबून क्विकसेव्ह करायची सवय लागली असेल तर नवल नाही. पण रीलोड करणाऱ्याने गेम सोपा की अवघड यावर मत देऊ नये असं मला वाटतं. त्याने पाहिलेले फासे निवडून ठेवलेले असतात. आमच्या विंगमधला एक मित्र यावर भडकतो, “माझा वेळ, माझा लॅपटॉप, तुला काय?” बरोबर आहे, वेळ त्याचाच. पण मत सगळ्यांना ऐकावं लागतं.

बाकीच्या मतांबद्दल थोडक्यात. साथीदार एकूण २५ आहेत, पण ते फारसं बोलत नाहीत ही तक्रार खरी आहे. २००० सालच्या दुसऱ्या भागात ते सुधारलं. लाडका मिन्स्क आणि त्याचा हॅमस्टर बू याला अपवाद. जंगलाचे नकाशे रिकामे वाटतात हेही खरं, पण मला तो रिकामेपणा आवडतो, वाट चुकल्यासारखं वाटतं. साथीदारांना रस्ता सापडत नाही याबद्दल मात्र कोणाचंच दुमत नाही. फायरवाइनच्या पडक्या भुयारात सहा जणांना एका रांगेत नेणं म्हणजे सकाळी आठला डोंबिवलीचा पूल. पुढचा थांबतो, मागचा वळून भलतीकडेच निघतो, आणि तेवढ्यात कोबोल्ड बाण मारतात.

ज्यांना अजून फाशावर संशय आहे त्यांच्यासाठी प्रयोग. ऑप्शन्सच्या फीडबॅकमध्ये ‘टू हिट रोल्स’ चालू करा, प्रत्येक दान खाली लिहून येतं. रीलोड न करता ४०० दानं वहीत उतरवा. प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा. प्रमाण विचलन सुमारे ४.४ आहे, तेव्हा एखादा १२ वेळा आणि दुसरा २८ वेळा आला तरी दचकू नका. मग काय-स्क्वेअर काढा, स्वातंत्र्यमात्रा १९. उत्तर ३०.१४ च्या वर गेलं तर वही घेऊन माझ्या खोलीवर या, आणखी ४०० दानं मिळून टाकू.