संगीताच्या ठेक्यावर चालणारी दिव्यांची आरास : प्रारंभीचे धडे

उत्सवाच्या दिवसांत दिव्यांची आरास करण्याची चाल फार जुनी आहे. आपल्याकडे दिवाळीत व गणेशोत्सवात, बंगालमध्ये दुर्गापूजेत आणि पाश्चात्त्य देशांत नाताळात घरे व मंडप उजळून निघतात. विजेच्या दिव्यांनी नाताळवृक्ष सजविल्याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण १८८२ सालचे आहे. त्या वर्षी एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्याने न्यूयॉर्क येथील आपल्या घरी तांबडे, पांढरे व निळे असे ८० दिवे झाडावर लावले होते. प्रस्तुत पुस्तिकेत विचार करावयाचा आहे तो त्यापुढील पायरीचा. दिवे नुसते लागलेले नसून ते संगीताबरोबर लागतात, विझतात, रंग पालटतात, अशी आरास घरी वा शाळेत कशी उभारावी, हा आपला विषय आहे.

हा छंद सर्वसामान्य लोकांच्या नजरेत आला तो अमेरिकेतील एका घरामुळे. ओहायो राज्यातील मेसन ह्या गावी कार्सन विल्यम्स नावाच्या विद्युत्-अभियंत्याने २००४ च्या नाताळात आपल्या घरावर सुमारे १६,००० दिवे लावले व ते ८८ स्वतंत्र वाहिन्यांत विभागले. वाद्यवृंदाच्या एका द्रुत रचनेबरोबर हे दिवे नाचत असत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून संगीत मोठ्याने न वाजविता अल्पशक्तीच्या रेडिओ-प्रक्षेपकावरून सोडले जाई व रस्त्यावरील मोटारीत बसलेले लोक ते आपल्या रेडिओवर ऐकत. ह्या आराशीचे चित्रीकरण पुढच्या वर्षी इंटरनेटवरून जगभर पसरले. मग प्रेक्षकांच्या मोटारींची इतकी दाटी होऊ लागली की २००५ च्या डिसेंबरात तो कार्यक्रम थांबवावा लागला. परंतु विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. अवघ्या काही मिनिटांच्या त्या रचनेसाठी दिव्यांचा क्रम लिहून काढण्यास विल्यम्स ह्यास सुमारे दोन महिने लागले. दिवे लावणे हा ह्या उद्योगाचा सोपा भाग होय. क्रम लिहिणे हा खरा भाग होय.

ऐकणारे दिवे व लिहिलेले दिवे

संगीत व प्रकाश ह्यांची जोडणी दोन रीतींनी करता येते. पहिल्या रीतीत ध्वनिग्राहक संगीत ऐकतो, त्यातील खर्जाचे, मधले व टिपेचे ध्वनी विद्युन्मंडलाच्या साहाय्याने वेगळे काढले जातात आणि ज्या भागाचा जोर वाढेल त्या भागाचे दिवे अधिक प्रखर होतात. बाजारात अशी तयार मंडले मिळतात व ती क्षणभर मनोरंजकही वाटतात. परंतु त्यांचा दोष मूळ कल्पनेतच आहे. हे मंडल ध्वनी होऊन गेल्यानंतरच जागे होते. पुढे काय येणार आहे ह्याची त्यास कल्पना नसते. जमलेल्या मुलांनी टाळ्या पिटल्या तरी दिवे तितक्याच उत्साहाने उजळतात.

दुसऱ्या रीतीत यंत्र काहीच ऐकत नाही. कोणता दिवा कोणत्या क्षणी, कोणत्या रंगात लागावा ह्याचे एक वेळापत्रक माणसाने आधी लिहून ठेवलेले असते. संगीत व दिवे एकाच घड्याळाबरहुकूम पुढे सरकतात. ही कल्पना संगणकाच्याही आधीची आहे. रशियन संगीतकार स्क्रिआबिन ह्याने १९१० साली पूर्ण केलेल्या 'प्रोमेथियस' ह्या रचनेच्या स्वरलेखनात इतर वाद्यांच्या ओळींबरोबर प्रकाशासाठीही एक स्वतंत्र ओळ घातली होती. प्रकाशाला त्याने वाद्यच मानले.

आपल्या तालपद्धतीतील एक उदाहरण घेतले म्हणजे दोहोंतील अंतर स्पष्ट होईल. त्रितालात सोळा मात्रा असतात. पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. खालीच्या सुमारास डग्ग्याचा घुमारा थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्या मंडलाचे खर्जाचे दिवे आपोआप मंदावतील. तेवढे त्यास साधते. पण सम येण्याआधी श्रोत्याच्या मनात जी ओढ निर्माण होते, ती त्या मंडलास दाखविता येत नाही. लिहिलेल्या क्रमात मात्र चौदाव्या मात्रेपासूनच दिवे एकेक करून वाढवीत नेता येतात व समेवर सर्व एकदम उजळता येतात. ह्याच कारणास्तव आम्ही नवशिक्यास दुसरी रीत स्वीकारण्याची शिफारस करतो.

साहित्य व सुरक्षितता

घरात पडून असलेल्या २३० व्होल्टच्या माळा तोडून-जोडून हा प्रयोग कोणीही करू नये. पुष्कळांची अशी समजूत असते की माळेतील दिवे एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच विद्युत्दाब येतो, तेव्हा माळ निर्धोक आहे. ही समजूत घातक आहे. माळेतील एक दिवा काढला की प्रवाह थांबतो आणि त्या रिकाम्या जागेच्या एका टोकाशी घरातील विजेचा संपूर्ण दाब उभा राहतो. त्या टोकास बोट लागणे म्हणजे भिंतीतील सॉकेटात बोट घालण्यासारखेच आहे.

त्याऐवजी ५ व्होल्टवर चालणारे, स्वतंत्र नियंत्रण असलेले एलईडी दिवे घ्यावेत. डब्ल्यूएस-२८१२ ह्या जातीचे दिवे पट्टीच्या रूपाने सहज मिळतात. प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाशबिंदू व त्यांच्या शेजारी एक इवलीशी चिप असते. तीनही बिंदू पूर्ण तेजाने लागले असता एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. पहिल्या प्रयोगास आपण सोळाच दिवे घेणार आहोत. म्हणजे प्रवाह एक अँपिअरहून किंचित कमी भरेल. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा, सर्व बाजूंनी बंदिस्त असलेला तयार अडॅप्टर ह्यास पुरेसा आहे. ज्याच्या स्क्रूंना २३० व्होल्टच्या तारा उघड्यावर जोडाव्या लागतात असा पत्र्याच्या जाळीतील पॉवर सप्लाय शाळेच्या मेजावर ठेवू नये.

पाच व्होल्टांनी झटका बसत नाही हे खरे. परंतु आग लागू शकते. मोठ्या आराशीसाठी २० अँपिअरचा सप्लाय घेतला व त्याच्या दोन तारा चुकून एकमेकींना चिकटल्या, तर बारीक तार क्षणात तापून तिचे आवरण वितळते. म्हणून प्रत्येक पट्टीच्या वाटेवर तिच्या गरजेपुरता फ्यूज घालावा. तारेची जाडी हा असाच दुर्लक्षिला जाणारा विषय आहे. पन्नास दिवे पूर्ण तेजाने लावले तर ३ अँपिअर लागतील. सप्लायपासून पट्टी ५ मीटर दूर असेल तर प्रवाहास जाऊन-येऊन १० मीटर तार ओलांडावी लागते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे ०.१७५ ओहम होतो. ३ अँपिअरने त्यास गुणले की अर्धा व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो. तार निम्म्या छेदाची असेल तर एक व्होल्ट. हिरव्या व निळ्या बिंदूंना तांबड्यापेक्षा अधिक दाब लागत असल्यामुळे ते आधी मंद होतात आणि पट्टीच्या शेवटचा पांढरा प्रकाश पिवळट-तांबूस दिसू लागतो. असे दिसल्यास दिवे खराब आहेत असे न समजता पट्टीच्या दुसऱ्या टोकासही सप्लायच्या जाड तारा आणून जोडाव्यात.

दिव्यांना आज्ञा देण्यासाठी एक सूक्ष्मनियंत्रक लागतो. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला अर्डुइनो हा ह्या कामी उत्तम आहे. पट्टीस तीन तारा असतात : धन, ऋण व संदेशाची. संदेश एकाच दिशेने जातो. पट्टीवरील बाण पाहून आरंभीचे टोक ओळखावे. उलट टोकास तार जोडून 'दिवे लागत नाहीत' म्हणणारे पुष्कळ आढळतात. संदेशाच्या तारेत पहिल्या दिव्याजवळ ३३० ते ४७० ओहमचा एक रोधक घालावा आणि सप्लायच्या धन-ऋण टोकांमध्ये १,००० मायक्रोफॅरडचे धारित्र, त्याच्या खुणा नीट पाहून, जोडावे. दिव्यांना वीज अडॅप्टरकडूनच मिळाली पाहिजे, अर्डुइनोतून नव्हे. मात्र अर्डुइनो, पट्टी व अडॅप्टर ह्या तिघांच्या ऋण तारा एकत्र असल्या पाहिजेत. ती जोडणी राहिली तर संदेशास परतीची वाट उरत नाही व दिवे भलतेच चमकू लागतात.

संगीताचे वेळापत्रक

आता मुख्य काम. तबल्यावरील त्रितालाच्या साध्या ठेक्याचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण घ्यावे. लय मिनिटास १२० मात्रांची असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची व एक आवर्तन आठ सेकंदांचे होईल. ह्यावरून सर्व मात्रांच्या वेळा गुणाकाराने काढाव्यात असा मोह होईल, व तो टाळला पाहिजे. समजा खरी लय १२० नसून १२१ आहे. कानाला हा फरक जाणवणारही नाही. परंतु ३६० मात्रा होईपर्यंत गुणाकाराने १८० सेकंद येतात, प्रत्यक्षात मात्र १७८.५ सेकंदच झालेले असतात. म्हणजे दीड सेकंदाची, तीन मात्रांची चूक! समेचा दिवा तोपर्यंत भलत्याच मात्रेवर लागत असेल. शिवाय माणूस वाजवीत असतो तेव्हा लय थोडीफार पुढे-मागे होतेच. आरतीच्या शेवटी ती किती वाढते हे सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून वेळा कानाने टिपाव्यात. ऑडॅसिटी ह्या विनामूल्य संगणकीय साधनात ध्वनिमुद्रण चालू असता प्रत्येक समेवर कळ दाबून खूण करता येते. बोटाला थोडा उशीर होतो, तेव्हा नंतर ध्वनीचा आलेख मोठा करून प्रत्येक खूण थापेच्या उंचवट्याच्या आरंभाशी नेऊन ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण दिव्यांचा सारा रुबाब त्यावरच अवलंबून असतो. दोन समांमधील अंतराचे सोळा समान भाग केले की त्या आवर्तनातील मात्रांच्या वेळा मिळतात. चूक झालीच तर ती पुढील समेवर नाहीशी होते. खुणांची यादी सेकंदांत लिहिलेली मिळते. तिचे मिलिसेकंद करून ती अर्डुइनोच्या आज्ञावलीत कोष्टकाच्या रूपाने घालावी.

आज्ञावलीचे सूत्र साधे आहे. नियंत्रकाने सतत घड्याळ पाहावे आणि कोष्टकातील पुढची वेळ आली की पुढचा दिवा लावावा. 'अर्धा सेकंद थांब, दिवा लाव, पुन्हा थांब' अशा रीतीने ती लिहू नये. दिवे लावण्यात गेलेला वेळ दर खेपेस थांबण्याच्या वेळात मिळत जातो व चुका साचत राहतात. सोळा दिवे वर्तुळात मांडावेत. समेस सर्व दिवे पांढरे, टाळीस तो दिवा पिवळा, खालीस सर्व विझून एकच निळा, इतर मात्रांस मंद तांबडा, अशी योजना प्रथम करून पाहावी. ज्याला ताल येत नाही अशा मित्रास ती दाखवावी. दोन-चार आवर्तनांत तो समेवर मान हलवू लागला तर क्रम बरोबर लिहिला गेला असे समजावे.

घड्याळाविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे. प्रत्येक दिव्यास रंगाची माहिती २४ संकेतांत पाठविली जाते व एका संकेतास १.२५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद. सोळा दिव्यांस अर्धा मिलिसेकंद हा हिशेब नगण्य आहे. परंतु ३०० दिव्यांस ९ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढा वेळ अर्डुइनो इतर सर्व कामे बाजूस ठेवतो. त्याचे स्वतःचे घड्याळदेखील मागे पडते. काही तयार आज्ञासंच ही तूट भरून काढतात, काही काढीत नाहीत. म्हणून मोठी आरास करताना संगीत वाजविणारा संगणकच घड्याळ मानावा व त्यानेच क्षणोक्षणीचे चित्र नियंत्रकास पाठवावे. एक्सलाइट्स व व्हिक्सन ही विनामूल्य साधने ह्याच तत्त्वावर चालतात. सेकंदास ४० चित्रे हवी असतील तर प्रत्येकास २५ मिलिसेकंद मिळतात, तेव्हा एका संदेशतारेवर ८०० पेक्षा अधिक दिवे घेता येणार नाहीत. त्याहून अधिक दिव्यांसाठी अनेक तारा समांतर चालवाव्या लागतात.

एवढे करूनही दिवे व नाद जुळत नाहीत असे वाटले तर दोष पुष्कळदा ध्वनिवर्धकाकडे असतो. बिनतारी ब्लूटूथ ध्वनिवर्धकातून आवाज एक-दोन दशांश सेकंद, कधी त्याहूनही उशिरा बाहेर पडतो. म्हणून तारेने जोडलेला ध्वनिवर्धक वापरावा. प्रेक्षकाचे अंतरही विसरू नये. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा ३४ मीटर दूर उभ्या असलेल्या माणसास थाप एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येते, दिवा मात्र तत्काळ दिसतो. सुदैवाने माणसाचे मन ह्या बाबतीत उदार आहे. विजेच्या चमकण्यामागून गडगडाट येतो हे त्याच्या अंगवळणी पडलेले आहे. दूरचित्रवाणीसाठी ठरविलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आवाज चित्राच्या मागे सुमारे १२५ मिलिसेकंद राहिला तरच ते प्रेक्षकाच्या ध्यानी येऊ लागते. परंतु तो पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदही खटकतात. तेव्हा क्रम जुळविताना शंका आल्यास दिवा किंचित आधी लावावा, नंतर कधीही नव्हे. प्रेक्षक पटांगणाच्या मागील बाजूस उभे राहणार असतील तर ध्वनिवर्धक दिव्यांपाशी न ठेवता त्यांच्या जवळ नेऊन ठेवावा.